योरुबात मोजायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त काही वर्षं लागोसमध्ये काढली आणि आकडे बाजारात, शेजारच्या मुलांकडून, थोडे पुस्तकांतून शिकलो. नव्याने येणारी मराठी मंडळी साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

योरुबा नेमकी कुठे बोलतात?

नैऋत्य नायजेरियात. लागोस, इबादान, अबेओकुटा, इले-इफे, ओयो हा सगळा पट्टा, शिवाय शेजारच्या बेनिन आणि टोगोचा काही भाग. चार कोटींहून जास्त लोकांची ही भाषा आहे. गुलामांच्या व्यापारात ती अटलांटिकपार गेली. क्युबा आणि ब्राझीलमधल्या पूजाविधींत तिचे शब्द अजून ऐकू येतात.

लागोसमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं. मग आकडे कशाला शिकायचे?

ऑफिसात गरज नाही. पण बाजारात दोन बायका आपसात तुमच्याच संत्र्यांचा भाव ठरवत असतात तेव्हा त्या इंग्रजीत बोलत नाहीत. आणि दुसरं कारण शुद्ध मजेचं आहे: जगात फार थोड्या भाषा इतक्या सढळ हाताने वजाबाकी करून मोजतात. मराठी माणसाला तर ही पद्धत अर्धी आधीच येत असते, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. त्याबद्दल पुढे.

एक ते दहा सांगा ना आधी.

एनी, एजी, ॲता, ॲरीं, आरूं, ॲफा, एजे, ॲजॉ, ॲसॉं, ॲवा.

रोज दहा वेळा म्हणा, आठवड्यात बसतं. मुलांची मोजायची बडबडगीतंही आहेत. शेजारी लहान मूल असेल तर त्याच्याकडून शिका, कंटाळा न करता शंभरदा म्हणून दाखवतं.

देवनागरीत लिहिलेलं वाचून उच्चार जमेल?

बराचसा. आपलं नशीब चांगलं, कारण योरुबातले दोन खास स्वर मराठी लिपीत आधीच बसलेले आहेत. रोमन लिपीत त्यांना ई आणि ओ या अक्षरांखाली ठिपका द्यावा लागतो. आपल्याकडे ॲ आणि ऑ आहेत. फक्त योरुबातला ॲ आपल्या 'बॅट'मधल्यापेक्षा थोडा मिटलेला, 'ए'कडे झुकणारा असतो. तो 'ए'पासून वेगळा ठेवला नाही तर काय होतं ते पुढच्या उत्तरात.

अनुस्वार हा इथे नाकातला स्वर समजा. 'आरूं' म्हणताना शेवटी न किंवा म येऊ देऊ नका; कोकणातली मंडळी नाकात बोलतात तसा स्वरच नाकातून जाऊ द्या. आणि 'ग्ब' हा जोडाक्षरासारखा लिहिला तरी जोडाक्षर नाही. ग आणि ब एकाच वेळी सुटले पाहिजेत: जीभ मागे ग साठी टेकवा, ओठ ब साठी मिटा, आणि दोन्ही एकदम सोडा. पहिले काही दिवस बुडबुडा फुटल्यासारखा आवाज येतो. येऊ द्या.

सुरांचं एवढं काय आहे?

सुरांवरच सगळं आहे. योरुबात तीन सूर: खालचा, मधला, वरचा. तिथले शिक्षक ते पाश्चात्त्य स्वरांच्या दो-रे-मी वर शिकवतात. मी सरळ सा-रे-ग धरले. पट्टी ज्याची त्याची. एका सुरापासून दुसरा वर आहे की खाली, एवढंच महत्त्वाचं. योरुबांचा दुंदूं नावाचा ढोल कातडं आवळून-सैलावून हेच सूर वाजवतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून वाक्य कळतं.

आता एक ते दहा सुरांसकट. एनी रे-ग. एजी आणि ॲफा दोन्ही सा-सा. ॲता, ॲरीं, एजे, ॲजॉ हे चौघे सा-रे. आरूं, ॲसॉं, ॲवा हे तिघे सा-ग. एकदा गुणगुणून पाहा, चाल लक्षात राहते.

चुकलं तर? 'ॲरीं' सा-रे म्हणजे चार. तेच सा-ग म्हटलं की हसू. आणि ॲ चा ए करून 'एरीं' दोन्ही रे वर म्हटलं की हत्ती. मी जिन्यात बसून शेजारच्या मुलांना मोठ्या ऐटीत 'एनी, एजी, ॲता, एरीं' म्हणून दाखवलं होतं. एक, दोन, तीन, हत्ती. त्यानंतर महिनाभर त्या पोरांनी मला बघितलं की सोंड करून दाखवली.

'ऑग्बॉं' रे-सा म्हणजे तीस. रे-ग म्हणजे शहाणपण. आणि दोनशेचा शब्द, 'इग्बा', हा तर सुरांच्या पहिल्या धड्यातला ठरलेला शब्द आहे: रे-रे दोनशे, सा-सा वेळ, रे-ग भोपळ्याचं भांडं, रे-सा ताडावर चढायची दोरी.

पुस्तकात दोनला कुठे 'एजी' तर कुठे 'मेजी' लिहिलंय. बरोबर काय?

दोन्ही. नुसतं मोजताना एजी. कशाचे तरी दोन असतील तर मेजी. म-वाली मालिका अशी: कॉं, मेजी, मॅता, मॅरीं, मारूं, मॅफा, मेजे, मॅजॉ, मॅसॉं, मॅवा. एकटा 'एनी' तेवढा पार बदलतो आणि 'कॉं' होतो. बाकी सगळ्यांना पुढे म लागतो, त्याच्याबरोबर सूरही थोडे हलतात.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. नुसते आकडे म्हणताना आपण दोन, तीन, चार म्हणतो आणि पाढ्यात शिरलो की बे, त्रिक, चोक. वेगळ्या कामाला वेगळा शब्द.

आकडा वस्तूच्या आधी येतो की नंतर?

नंतर. पुस्तक म्हणजे 'ईवे'. दोन पुस्तकं म्हणजे 'ईवे मेजी'. आणि पुस्तकाचं अनेकवचन होत नाही, ईवे ते ईवेच. अंडी सहा, 'ॲयीं मॅफा'. मूल तीन, 'ऑमॉ मॅता'.

वीस, तीस, चाळीस, दोनशे असे गोल आकडे मात्र वस्तूच्या आधी उभे राहतात: तीस दिवस म्हणजे 'ऑग्बॉं ऑजॉ'. एकवीस दिवस म्हटलं की आकडा पुन्हा मागे. पहिल्या महिन्यात हे चुकलं तरी कुणी रागावत नाही.

अकरा ते वीस कसे?

अकरा ते चौदा सरळ बेरीज. एक ते चारला 'ला' जोडा: ओकॉंला, एजीला, ॲताला, ॲरींला.

पंधरापासून गाडी उलटी फिरते. तिथून पुढे विसातून वजा करत जायचं. वीस म्हणजे 'ओगूं', कमी होणं म्हणजे 'दीं'. सोळा म्हणजे ॲरीं-दीं-लोगूं, विसाला चार कमी. सतरा ॲतादींलोगूं, तीन कमी. अठरा एजीदींलोगूं, दोन कमी. एकोणीस ओकॉंदींलोगूं, एक कमी.

इथे थांबा. एकोणीस. 'एक' अधिक 'ऊन' अधिक 'वीस', म्हणजे एक उणा वीस. आपण लहानपणापासून म्हणतो, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, आणि वजाबाकी करतोय हे कधी जाणवतही नाही. योरुबाने एवढंच केलंय की एकावर न थांबता पाचापर्यंत उणे केले. मराठीत 'द्वोणवीस', 'त्रोणवीस', 'चोणवीस' असे शब्द असते तर ते जसे वागले असते, तसे हे वागतात. मी वहीत खरंच असे शब्द लिहून पाठ केले होते.

पंधरा हा आकडा घासून घासून छोटा झालाय: 'ॲदोगूं', पाच कमी वीस.

मग एकवीसपासून पुढचा नियम?

एक ते चार मागच्या दशकात मिळवायचे, पाच ते नऊ पुढच्या दशकातून वजा करायचे. मिळवण्यासाठी 'ले', म्हणजे वर असणं. एकवीस ओकॉं-ले-लोगूं, बावीस एजीलेलोगूं, चोवीस ॲरींलेलोगूं. पंचवीस पुन्हा आखूड, 'ॲदॉग्बॉं', पाच कमी तीस. सव्वीस ॲरींदींलॉग्बॉं, तिसाला चार कमी. हाच नियम शंभरच्याही पुढे चालतो, त्यामुळे एकदा जमला की जमला. मराठीसारखं त्रेपन्न, सत्तावन्न, अठ्ठ्याहत्तर असं शंभर वेळा वेगळं पाठ करायला नको. हे मी योरुबा शिक्षकाला सांगितलं तेव्हा त्याला मराठीची कीव आली.

पन्नासला 'आदॉता' का म्हणतात? त्यात 'पाच' कुठेच दिसत नाही.

दिसणार नाही, कारण त्यात तीन आहे.

योरुबा विसाच्या पटीत मोजते. चाळीस 'ओगोजी', दोन विसा. साठ 'ऑगॉता', तीन विसा. ऐंशी 'ऑगॉरीं', चार विसा. शंभर 'ऑगॉरूं', पाच विसा. आपल्याकडे जुन्या बायका 'तीन विसा न् पाच' असं मोजायच्या, तेच. (चाळीसमध्ये ओ आणि साठमध्ये ऑ का, तर पुढच्या आकड्याचा स्वर मागच्याला आपल्यासारखं करून घेतो. एजीजवळ ओ, ॲताजवळ ऑ.)

मग पन्नास, सत्तर, नव्वद यांचं काय? ते विसाच्या पटीत बसत नाहीत. म्हणून पुढच्या विसातून दहा वजा. पन्नास 'आदॉता', तीन विसांना दहा कमी. सत्तर 'आदॉरीं', चार विसांना दहा कमी. नव्वद 'आदॉरूं', पाच विसांना दहा कमी.

हे डोक्यात बसायला मला फार दिवस लागले, आणि बसलं ते एका झटक्यात. रिक्षेसारखी तीनचाकी तिथे असते, तिच्यात बसून मी विचार करत होतो: तीन विसा, पण त्यातला शेवटचा वीस अर्धाच. म्हणजे अडीच विसा! 'अडीच' हा शब्दच मुळात 'अर्धतृतीय' आहे, म्हणजे तिसरा अर्धा. त्यात 'दोन' ऐकू येत नाही, दडलेला आहे तो तीन. अगदी आदॉतासारखा. सत्तर म्हणजे साडेतीन विसा. नव्वद, साडेचार विसा. जी भाषा पावणेतीन वाजलेत म्हणते, पावणेदोनशे रुपये मोजते, अडीच हजार भाडं भरते, तिच्या माणसाला योरुबाची वजाबाकी परकी वाटायचं काही कारण नाही. पावणेदोनशे म्हणताना तरी आपण काय करतो? दोनशेतून पाव शेकडा उणा.

आता पंचेचाळीस करून पाहा. नियमाने पाच वजा करायचे ते पन्नासातून. 'आरूं-दीं-लादॉता'. उलगडलं तर: तीन विसा, उणे दहा, उणे पाच. मराठीत 'अडीच विसांना पाच कमी'. ऐकताना मात्र योरुबा माणूस असा हिशोब मांडत बसत नाही, जसे तुम्ही एकोणसाठ ऐकून साठातून एक काढत नाही.

शंभरच्या पुढे?

एकशे वीस सहा विसा, ऑगॉफा. एकशे चाळीस ओगोजे, एकशे साठ ऑगॉजॉ, एकशे ऐंशी ऑगॉसॉं. दोनशेला विसाचा खेळ संपतो आणि नवा शब्द येतो, इग्बा. तीनशे ऑदूंरूं, चारशे इरींवो, हे दोन तसेच पाठ करा.

पुढे दोनशेच्या पटी. सहाशे 'ॲग्बॅता', तीन दोनशे. आठशे ॲग्बॅरीं. हजार 'ॲग्बॅरूं', पाच दोनशे. मधला पाचशे? सहाशेला शंभर कमी: 'ॲदॅग्बॅता'. म्हणजे पुन्हा अडीच, यावेळी अडीच दोनशे. सातशे साडेतीन दोनशे, नऊशे साडेचार दोनशे. दोन हजारला परत नवा शब्द, 'ॲग्बा'.

दोनशेच का? आणि वीस हजारला वेगळा शब्द कशाला?

कवड्यांमुळे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत योरुबा मुलुखात चलन कवड्यांचं होतं. एका दोऱ्यात चाळीस कवड्या, पन्नास दोऱ्यांचा एक जुडगा म्हणजे दोन हजार, असे दहा जुडगे एका पोत्यात. पोत्यात वीस हजार. पोत्याला शब्द 'ऑकॅ', आणि तोच वीस हजाराचा आकडा झाला. त्यामुळे आपला एक लाख म्हणजे योरुबात 'ऑकॅ मारूं', पाच पोती. दहा लाख म्हणजे 'आदॉता ऑकॅ', पन्नास पोती. आजही बातम्यांत मिलियनऐवजी हा शब्द कानावर येतो. अडीच विसा पोती!

ॲडॉल्फस मान नावाच्या मिशनऱ्याने १८८७ साली हे मोजणं कसं चालतं ते लिहून ठेवलंय. पोतं जमिनीवर ओतायचं, शेजारी बसायचं, आणि पाच-पाच कवड्या ओढत जायच्या. असे वीस झाले की शंभर. दुसरे शंभर तसेच, मग दोन्ही ढीग हाताने एकत्र सारायचे: दोनशे. वीस, शंभर, दोनशे हे आकडे या भाषेत इतके ठसठशीत का आहेत ते त्या सारण्यात दिसतं. मान यांचं म्हणणं होतं की आकड्यांची ही पद्धत कवड्या मोजण्यातूनच घडली. वजाबाकीचा उगम तिथेच आहे का यावर अभ्यासकांत वाद आहेत. मला विचाराल तर, ढिगातून चार उचलून 'एवढे कमी' म्हणणं ढिगापुढे बसलेल्याला सगळ्यात सोपं.

या कवड्या आल्या कुठून?

आपल्याच समुद्रातून. पैसा म्हणून चालणारी छोटी पिवळट कवडी मुख्यतः मालदीवची. तिथून ती बंगाल-सिलोनकडे, तिथून युरोपच्या जहाजांत वजन म्हणून तळाशी भरून ॲमस्टरडॅम आणि लंडनला, आणि मग पश्चिम आफ्रिकेत, बऱ्याचदा माणसांच्या बदल्यात. एकोणिसाव्या शतकात झांझिबारची मोठी, स्वस्त कवडी जहाजं भरभरून आली आणि भाव इतका कोसळला की पोतं भरूनही काही येईना. 'कवडीमोल' हा शब्द आपला, पण घडलं ते तिकडे.

तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातली कवड्यांची माळ पाहिली की हल्ली मला लागोस आठवतं. योरुबातही कवडी पैशातून निघून देवाकडे गेली. सोळा कवड्या टाकून कौल लावायची तिथे मोठी परंपरा आहे, आणि तिचं नावच आकडा आहे: 'मॅरींदींलोगूं', चार कमी वीस.

बाजारात कामापुरतं काय लागेल?

'एलो नी?' म्हणजे केवढ्याला? पैशाचं विचारताना एलो, नगाचं विचारताना 'मेलो', किती. दहा-दहा नायराला (नायरा म्हणजे तिथला रुपया) एक असेल तर बाई म्हणेल 'मॅवा मॅवा', अगदी आपल्यासारखं दोनदा.

माझा संत्र्यांचा पहिला सौदा असा झाला. मी एलो नी विचारलं. म्हातारी म्हणाली आदॉता. मला शेवटचं 'ता' तेवढं ऐकू आलं, ता म्हणजे तीन विसा, म्हणून साठ दिले. तिने नोटा मोजल्या, माझ्याकडे पाहिलं, दहाची नोट परत माझ्या तळहातावर ठेवली आणि सावकाश म्हणाली, 'आ-दॉ-ता', 'आ'वर बोट आपटून. ऑगॉता साठ, आदॉता पन्नास. त्या दिवसापासून मी पहिलं अक्षर ऐकायला शिकलो, कारण शेपूट दोघांचं सारखंच.

घासाघीस करायची तर 'ॲ दीं कू' अशा सुराचं काहीतरी तुम्हाला सतत ऐकू येईल: कमी करा. तो 'दीं' ओळखीचा वाटला? सोळातला, सतरातला, एकोणिसातला हाच तो 'दीं'. बाजारात भाव उतरवायला जे क्रियापद, तेच आकडे घडवायला. हे कळल्यावर मला पाठ करायला असं काही उरलंच नाही. आणि सौदा झाल्यावर बाई वर एखादं संत्रं टाकते त्याला 'एनी' म्हणतात. 'एक'वाल्या एनीपेक्षा त्याचा सूर वेगळा. आपल्याकडची फुकटची कोथिंबीर.

नोटांवर हे आकडे असतात का?

असतात. पन्नासपर्यंतच्या नायरा नोटांवर रक्कम हौसा, इग्बो (तिथल्या दुसऱ्या दोन मोठ्या भाषा) आणि योरुबातही छापलेली असते, जशी आपल्या नोटेच्या मागे भाषांच्या चौकटीत मराठी. पन्नासच्या नोटेवर आदॉता, अडीच विसा. खिशात फुकटचं पाठ्यपुस्तक.

आजची तरुण पिढी खरंच असं मोजते?

लहान आकडे, हो. मोठे, बऱ्याचदा नाही. फोन नंबर, पगार, क्रिकेट नसलं तरी फुटबॉलचा स्कोअर, सगळं इंग्रजीत. शहरातल्या मुलांना सत्त्याहत्तर योरुबात विचारलं तर ती आजीकडे बघतात. शाळेत सोपं जावं म्हणून दशमान पद्धतीचे योरुबा आकडे सुचवले गेलेत, ज्यात वजाबाकी नाही, सगळी बेरीज.

हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टबरोबर 'साठ तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं सरळ होतं, मुलांना जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण होते. माझं मत विचारलंत तर, शाळेत सोपं शिकवा आणि बाजारात जुनं ऐकू द्या. आदॉता गेला तर त्याच्याबरोबर तो दोन्ही हातांनी सारलेला ढीगही जाईल, आणि ते मला सोसणार नाही.

पहिला, दुसरा, दोन्ही, तिन्ही हे कसं?

पहिला 'आकॉकॉ'. पुढे म च्या जागी क: केजी, कॅता, कॅरीं. वेळ सांगताना क लागत नाही: तीन वाजले म्हणजे 'आगो मॅता'.

'दोन्ही'साठी मेजेजी, 'तिन्ही'साठी मॅतॅता, 'चारही'साठी मॅरॅरीं. इंग्रजीत दोनापुढे यासाठी एक शब्द सापडत नाही. आपल्याला भाषांतरच करावं लागत नाही.

आठवडी बाजार 'पाच' दिवसांनी म्हणतात, पण तो चौथ्या दिवशी भरतो. हे काय?

योरुबांचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा. पण मोजताना आजचा बाजार आणि पुढचा बाजार दोन्ही धरतात, म्हणून तो 'ऑरूं', पाचाचा. आठ दिवसांच्या फेऱ्याला नवावरून 'ईसॉं' म्हणतात, सोळा दिवसांच्या फेऱ्याला सतरावरून 'ईतादोगूं'.

मराठी माणसाने याला हसू नये. सात दिवसांच्या काळाला आपण 'आठवडा' म्हणतो. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून.

साल कसं सांगायचं?

दोन हजारच्या पुढची सालं सोपी: ॲग्बा, मग 'ले' लावून उरलेलं. मागची सालं वजाबाकीने. नायजेरियाच्या स्वातंत्र्याचं साल १९६०, म्हणजे चाळीस कमी दोन हजार.

जुळ्यांच्या नावांचा आकड्यांशी संबंध आहे म्हणतात?

आहे. जुळी म्हणजे 'इबेजी', त्यातलं 'एजी' ऐका. योरुबांत जुळ्यांचं प्रमाण जगात फार वरचं. इग्बो-ओरा हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं. आधी जन्मतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे. पण थोरला मानतात तो केहिंदे! त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जग कसं आहे ते बघून ये म्हणून. जन्माच्या क्रमाने दुसरा, मानाने पहिला.

सराव कसा करू? पुस्तकं वाचून कंटाळा आला.

'आयो' खेळा. लाकडी फळीवर बारा खड्डे, प्रत्येकात चार बिया, मिळून अठ्ठेचाळीस: 'एजीदींलादॉता', पन्नासाला दोन कमी. दर चालीला बिया मोजून पेरायच्या असतात आणि शेजारी बघ्या म्हाताऱ्यांची गर्दी असतेच. तुम्ही चुकलात की तिघे एकदम दुरुस्त करतात. माझे एक ते वीस तिथे पक्के झाले. खेळात अजून एकदाही जिंकलेलो नाही.